गुडघेरोपणानंतरचा विसर

‘भूल दिली तेव्हापासून आई पहिल्यासारखी राहिली नाही.’ गुडघे बदलून घेतलेल्या माणसांच्या घरांतून हे वाक्य वारंवार ऐकू येतं. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असते, एक्स-रे बघून डॉक्टर खूश असतात, तिसऱ्या दिवशी आई वॉकर धरून चालतेही. पण रात्री ती सलाईन ओढून काढते, सुनेला नणंदेच्या नावाने हाक मारते, कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याने चहा घेतला का म्हणून विचारते. बहुतेकांचा हा गोंधळ दोन-चार दिवसांत निवळतो. काहींचं मात्र घरी आल्यावरही महिना-दोन महिने काहीतरी बिनसलेलं राहतं. भिशीचा हिशेब चुकतो, मालिकेत काल काय झालं ते आठवत नाही, पेपर हातात असतो पण वाचला जात नाही. घरचे या सगळ्याचं खापर एकाच गोष्टीवर फोडतात, ते म्हणजे भुलीवर. आजवरचं संशोधन एकत्र ठेवून पाहिलं, तर तक्रार खरी निघते. आरोपी मात्र बहुधा चुकीचा पकडलेला असतो.

ही तक्रार वैद्यकाने गंभीरपणे कागदावर घेतली ती १९५५ साली. बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात, पन्नाशीनंतर भूल देऊन शस्त्रक्रिया झालेल्या ११९३ रुग्णांचा आढावा छापला. ऑपरेशननंतर माणूस बदलला, असं नातेवाईक सांगत होते आणि सुमारे दहा टक्क्यांच्या बाबतीत बेडफर्ड यांना ते पटलं. म्हाताऱ्या माणसांवर अगदी निकड असेल तरच शस्त्रक्रिया करावी, असा त्यांचा सल्ला होता. हा अभ्यास मागे वळून, आठवणींच्या आधारे केलेला होता. शस्त्रक्रिया न झालेली, त्याच वयाची माणसं त्या काळात किती बदलली, हे त्यात कुठेच नव्हतं. तरीही ‘म्हातारपणी भूल वाईट’ हा समज तिथून पक्का झाला आणि पुढची चाळीस वर्षं तो फारसा कोणी हलवला नाही.

त्याला पहिला ठोस धक्का दिला तो गुडघ्यानेच. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये १९७४ साली इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी आधुनिक गुडघेरोपणाचा पाया मानला जाणारा कृत्रिम सांधा वापरात आणला. यातले चित्तरंजन रानावत आपल्याकडे ओळखीचे झाले ते २००० साली, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनी तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा गुडघा बदलला तेव्हा. ‘वाजपेयींनी करून घेतलं, मग तुम्हाला काय झालं?’ असं म्हणत त्या काळात कितीतरी आजी-आजोबांची समजूत काढली गेली असेल! तर त्याच न्यूयॉर्कच्या रुग्णालयात विल्यम्स-रूसो आणि सहकाऱ्यांनी गुडघेरोपणाच्या २६२ रुग्णांवर एक सरळ प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून काहींना पूर्ण भूल दिली, तर काहींना पाठीच्या कण्यातून एपिड्युरल. शस्त्रक्रियेच्या आधी, एका आठवड्याने आणि सहा महिन्यांनी स्मरण, लक्ष आणि विचारांचा वेग यांच्या चाचण्या घेतल्या. १९९५ साली छापलेला निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत फरक नाही. सहा महिन्यांनंतर एकूण सुमारे पाच टक्के रुग्णांमध्ये लक्षात येण्याजोगी घसरण होती आणि ती दोन्हीकडे सारखीच होती.

पुढच्या मोठ्या अभ्यासांनी हाच निकाल दिला. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, १६०० रुग्णांच्या अभ्यासात (२०२१) पाठीत भूल दिलेल्यांपैकी २०.५ टक्के आणि पूर्ण भूल दिलेल्यांपैकी १९.७ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर भ्रम झाला. चीनमधल्या ९५० रुग्णांच्या अभ्यासात (२०२२) हे आकडे ६.२ आणि ५.१ टक्के होते. म्हणजे पूर्ण भूल टाळून पाठीत इंजेक्शन घेतल्याने डोकं वाचतं, हा आपल्याकडे कानोकानी पसरलेला विश्वास टिकत नाही. पाठीतून भूल द्यायला रक्तस्राव, वेदना, छातीचे विकार अशी इतर चांगली कारणं असू शकतात. ती भूलतज्ज्ञाशी बोलावीत. भूल किती गाढ असावी, यावर मात्र वाद चालू आहे. मेंदूच्या लहरी पाहत भूल हलकी ठेवल्याने २०१९ साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात काहीच फायदा दिसला नाही. २०२१ साली छापलेल्या दुसऱ्या एका, अनेक देशांत झालेल्या अभ्यासात भ्रमाचं प्रमाण गाढ भुलीत २८ टक्के, तर हलक्या भुलीत १९ टक्के निघालं.

इथे थोडं थांबून ‘डोकं बिघडलं’ म्हणजे नेमकं काय, हे वेगळं करायला हवं. या विषयातला निम्मा गोंधळ तिथे आहे. पहिल्या काही दिवसांत येतो तो भ्रम, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. तो अचानक येतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळनंतर बळावतो आणि त्यात लक्ष एका जागी ठरत नाही. त्याचा आरडाओरडा करणारा प्रकार सगळ्यांना कळतो. दुसरा प्रकार गप्प असतो. रुग्ण भिंतीकडे तोंड करून पडून राहतो, विचारलं तर उशिरा उत्तर देतो, जेवणाचं ताट तसंच परत जातं. वॉर्डमध्ये या रुग्णाला ‘फार शांत आहेत, काही त्रास नाही’ असं प्रशस्तिपत्र मिळतं आणि तिथेच घात होतो. भ्रमाहून निराळा असतो तो पुढच्या आठवड्यांत रेंगाळणारा मंदपणा. तो चाचणीत सापडतो. काही वेळा रुग्णाला स्वतःलाही जाणवतो. २०१८ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने याची नावं नव्याने ठरवली. तीस दिवसांपर्यंतच्या घसरणीला त्यांनी ‘लांबलेली बरे होण्याची प्रक्रिया’ म्हटलं आणि त्यापुढे वर्षभरापर्यंत टिकणाऱ्या घसरणीला ‘विकार’. पहिल्या महिन्यातल्या विसराळूपणाला आजार ठरवू नका, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

मंदपणा मोजणं अवघडच असतं. रुग्णाला शब्दांची यादी ऐकवून थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला सांगतात, आकडे आणि अक्षरं क्रमाने रेषेने जोडायला सांगतात, लाल शाईत लिहिलेल्या ‘हिरवा’ या शब्दाचा रंग विचारतात. सातव्या दिवशी हे विचारलेल्या माणसाचा गुडघा ठणकत असतो, झोप झालेली नसते, पोटात वेदनाशामक गोळ्या असतात. पहिल्या आठवड्यातल्या आकड्यांना त्यामुळे मी फारसं वजन देत नाही. उलट, तीच चाचणी दुसऱ्यांदा देणारा माणूस सरावाने थोडी बरी देतो. तेव्हा शस्त्रक्रिया न झालेल्यांचा तुलनेचा गट नसेल, तर सगळा हिशेब फसवा ठरतो. हे पथ्य पाळून केलेला पहिला मोठा अभ्यास १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मोठ्या शस्त्रक्रिया झालेले, साठीपुढचे १२१८ रुग्ण त्यात होते, हृदयशस्त्रक्रिया वगळून. आठवड्याने २५.८ टक्क्यांत घसरण होती, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांत. तुलनेच्या गटात हेच आकडे ३.४ आणि २.८ होते. शस्त्रक्रियेत रक्तदाब पडतो, ऑक्सिजन कमी होतो, म्हणून मेंदूला इजा होते, असं गृहीत धरून हा अभ्यास आखला होता. त्या दोन्हींचा घसरणीशी संबंध दिसला नाही.

मग घडतं काय? गुडघ्याच्या बाबतीत एक खास संशयित आहे. अनेक पद्धतींत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून सांध्याची रेषा ठरवतात. त्या दाबाने मज्जेतली चरबी आणि कण रक्तवाहिन्यांत ढकलले जातात आणि रक्त थांबवण्यासाठी मांडीवर बांधलेला पट्टा सोडला की ते एकदम हृदयाकडे निघतात. त्या क्षणी इकोच्या पडद्यावर हृदयाच्या उजव्या कप्प्यात हिमवर्षावासारखं चित्र दिसतं. फुप्फुसांनी हे कण गाळून घ्यायला हवेत. पण डोक्यावर डॉपलर लावून पाहिलं, तर काही रुग्णांत ते मेंदूच्या धमन्यांतूनही जाताना सापडतात, हृदयाच्या पडद्याला भोक नसतानाही. इतका सरळ पुरावा हाती लागल्यावर प्रकरण मिटलं असं वाटावं. पण किती कण गेले आणि स्मरण किती घसरलं, यांचा मेळ शोधणाऱ्या छोट्या अभ्यासांना तो काही सापडला नाही. चरबीचा मोठा लोट गेला, तर माणूस गंभीर आजारी पडतो, हे वेगळं. नेहमी सुटणाऱ्या बारीक कणांवर विसराळूपणाचा दोष लादता येत नाही. तेव्हा सळई न घालता, संगणक किंवा रोबो वापरून केलेल्या शस्त्रक्रियेत स्मरणशक्ती वाचते, असा हिशेब कोणी मांडू नये.

आज जास्त वजन आहे ते दाहाच्या बाजूला. हाड कापणं म्हणजे शरीराच्या दृष्टीने मोठी जखम. तिथून सुटणारे दाहक रेणू रक्तातून फिरतात आणि वयस्क मेंदूभोवतीचा संरक्षक पडदा त्यांना पूर्वीइतका अडवू शकत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत हे नीट दिसलं. नुसती भूल दिलेले उंदीर शिकवलेली गोष्ट विसरले नाहीत. पायाचं हाड मोडून बसवलेले विसरले. त्यांच्या मेंदूतल्या स्मृतीच्या भागात दाहाच्या पेशी शिरलेल्या सापडल्या आणि दाहाचा एक मुख्य रेणू आधीच अडवला, तेव्हा स्मृती बऱ्याच अंशी वाचली. दोष भुलीचा की शस्त्रक्रियेचा, हा प्रश्न निदान उंदरांपुरता सुटला म्हणायचा. माणसांत मात्र दाह दाबण्याचा सोपा उपाय चालला नाही. हृदयशस्त्रक्रियेत स्टेरॉइडचा मोठा डोस देऊनही महिन्यानंतरची घसरण कमी झाली नाही.

फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटाने तर गुडघेरोपणाआधी आणि नंतर ४८ तासांनी मेंदूचे कार्यदर्शी एमआरआय काढले. स्वस्थ पडलेल्या मेंदूचे जे भाग एका तालात काम करतात, त्यांच्यातला दुवा सुमारे २३ टक्के रुग्णांत बराच ढिला झालेला दिसला. स्मरण आधीच कच्चं असलेल्यांत हे जास्त होतं. पण हे चित्र दोन दिवसांनंतरचं आहे. पुढचं काय ते त्यावरून ठरत नाही.

पुढचं चित्र भीती वाटते तेवढं काळं नाही. डेन्मार्कमध्ये ८५०३ मध्यमवयीन आणि वृद्ध जुळ्यांची बौद्धिक चाचणी घेऊन त्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदींशी ताडून पाहिली. मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांचे गुण नगण्य कमी होते आणि एकाच जोडीतल्या दोन भावंडांची तुलना केली, तेव्हा तोही फरक उरला नाही. खुबा किंवा गुडघा बदललेल्यांचे गुण तर किंचित जास्तच निघाले. यावरून गुडघा बदलल्याने बुद्धी वाढते, असं समजू नये. ज्यांची तब्येत बरी, त्यांच्याच अशा शस्त्रक्रिया होतात, हेही त्यात आहे. लंडनच्या सरकारी नोकरांच्या दीर्घ अभ्यासात मोठ्या शस्त्रक्रियेचा परिणाम वय पाच महिन्यांहून कमी वाढल्याइतका निघाला. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेविना, आजारामुळे रुग्णालयात राहावं लागणं सुमारे दीड वर्षाइतकं आणि पक्षाघात तेरा वर्षांइतका भारी होता. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासाचा निकाल तर फारच बोलका आहे. तीन महिन्यांनंतर घसरण दिसली ती हृदयाच्या बायपासनंतर १६ टक्क्यांत, खुबा बदलल्यावर १६ टक्क्यांत आणि नुसत्या अँजिओग्राफीनंतर २१ टक्क्यांत. अँजिओग्राफीत ना हाड कापलेलं, ना पूर्ण भूल दिलेली. म्हणजे शस्त्रक्रिया कोणती यापेक्षा पाहायचं ते टेबलावर कोण झोपलं होतं याकडे.

एक बाब नेहमी सुटते. गुडघेदुखीने वर्षानुवर्षं बेजार झालेला माणूस रात्री झोपत नाही, घराबाहेर पडत नाही, लोकांत मिसळत नाही, मूठभर गोळ्या खातो. या सगळ्याची मेंदूलाही झळ लागते. दुखऱ्या खुब्याच्या रुग्णांत मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी विरळ झालेला असतो आणि सांधा बदलून वेदना गेल्यावर तो पुन्हा भरतो, असं जर्मन संशोधकांनी २००९ साली दाखवलं. तेव्हा ‘डोक्यावर परिणाम होईल’ या धास्तीने चांगली गरज असलेली शस्त्रक्रिया टाळणं, हाही काही फुकटचा सौदा नाही.

हा दिलासा एका ठिकाणी अडतो आणि ती जागा म्हणजे भ्रम. बोस्टनमध्ये सत्तरीपुढच्या, आधी स्मृतिभ्रंश नसलेल्या ५६० रुग्णांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला. बहुतेकांच्या शस्त्रक्रिया हाडांच्याच होत्या. २४ टक्क्यांना भ्रम झाला. हे रुग्ण दोन महिन्यांत सावरले, पण पुढे त्यांची बौद्धिक घसरण इतरांपेक्षा वेगाने झाली. भ्रमाने मेंदूला इजा केली, की आतून आधीच कमकुवत झालेला मेंदू भ्रमाने उघडा पडला, यावर तज्ज्ञ भांडताहेत. दोन्हीत तथ्य असावं असं मला वाटतं. व्यवहारात निष्कर्ष एकच: भ्रम म्हणजे ‘वयामुळे होतंच’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

आणि तो कोणाला होणार, हे बऱ्याच अंशी आधी कळतं. बोस्टनमध्येच सांध्यांच्या नियोजित शस्त्रक्रियेला आलेल्या, पासष्टीपुढच्या २११ जणांची तीन मिनिटांची चाचणी घेतली: तीन शब्द लक्षात ठेवायचे आणि घड्याळाचं चित्र काढायचं. २४ टक्के त्यात नापास झाले. यांतल्या कोणाच्याही कागदांवर स्मृतिभ्रंशाचं निदान नव्हतं. नापास झालेल्यांपैकी २१ टक्क्यांना पुढे भ्रम झाला, उरलेल्यांपैकी सात टक्क्यांना.

आपल्याकडे हे आणखी झाकलेलं असतं. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. बहुतेकांचं निदान झालेलंच नसतं. घरात राहणाऱ्या सत्तरीतल्या बाईचं विस्मरण कोणाच्या नजरेस येणार? स्वयंपाकघर तिच्या हाताच्या सवयीचं, औषधं सून देते, बँकेचं मुलगा बघतो. या बसलेल्या घडीची काठी धरून ती व्यवस्थित चालत असते. रुग्णालयात ती काठी एका रात्रीत जाते. पलंग परका, माणसं परकी, चष्मा आणि कानाचं यंत्र घरच्यांच्या पिशवीत, दिवे रात्रभर चालू. मग घरी आल्यावर जो विसर दिसतो, तो नवा की जुना, हे ठरवायला आधीचं मोजमापच नसतं. शस्त्रक्रियेआधी आपण साखर, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे सगळं करतो. डोक्याची तीन मिनिटं कोणाच्याच यादीत नसतात. शाळेत न गेलेल्या आजीला घड्याळाचं चित्र काढायला सांगण्यात अर्थ नाही, हे खरं. पण निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगढ इथे १९९०च्या दशकात हिंदी चाचणी तयार झालीच आहे. चाचणी नाही, ही सबब चालणार नाही.

भ्रमाची बाकीची कारणं साधी आहेत आणि म्हणूनच चिडवणारी. रोज झोपेची अल्प्राझोलाम घेणाऱ्या बाई ते सांगत नाहीत आणि रुग्णालयात गोळी अचानक बंद होते. खाजेसाठी किंवा सर्दीसाठी ॲलर्जीची गुंगी आणणारी जुनी गोळी दिली जाते. ट्रामाडोल, प्रीगाबालिन, पेथिडिन ही वेदनेवरची औषधं वयाचा विचार न करता चालू होतात. रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीने आधीच कमी झालेलं सोडियम शस्त्रक्रियेनंतर आणखी उतरतं. लघवी तुंबलेली असते, पोट साफ झालेलं नसतं. यांतलं प्रत्येक कारण भ्रमासाठी पुरेसं ठरू शकतं आणि प्रत्येकावर इलाज आहे. दोन्ही गुडघे एकदम बदलण्याची आपल्याकडे मोठी हौस. एकच सुटी, एकच पॅकेज, एकदाच फिजिओथेरपी. ही सोय मला कळते. पण त्यात जखम दुप्पट आणि औषधंही जास्त. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीतल्याच १९९२ सालच्या अभ्यासात दोन्ही गुडघे बदललेल्या ५१ जणांपैकी २१ जणांना भ्रम झाला होता. तंत्र तेव्हापासून सुधारलं आहे. तरी स्मरण आधीच डळमळीत असलेल्या माणसाचे दोन्ही गुडघे एकाच दिवशी करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भ्रम रोखायला औषधापेक्षा माणूस उपयोगी पडतो. अमेरिकेत ८५२ वृद्ध रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांसाठी एक योजना राबवली: वेळ-वार सांगत राहणं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून ठेवणं, पाणी पाजणं, लवकर उठवून चालवणं, रात्री झोपू देणं. भ्रमाचं प्रमाण योजनेविना १५ टक्के, तर योजनेतल्या रुग्णांत ९.९ टक्के निघालं. हे रुग्ण शस्त्रक्रियेचे नव्हते, पण हाच आराखडा पुढे शस्त्रक्रियांच्या वॉर्डांतही वापरला गेला. आपल्याकडे तर रुग्णाजवळ घरचं माणूस असतंच. फक्त तिथे बसून काय करायचं, हे त्याला कोणी सांगत नाही.

२०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हापासून हा खर्च अनेक घरांच्या आवाक्यात आला. रुग्ण वाढले, तसे ऐंशीच्या घरातले रुग्णही वाढले. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगा: आईची स्मरणाची चाचणी आधी घ्या आणि निकाल कागदावर लिहा. झोपेच्या गोळ्यांसकट सगळ्या औषधांची यादी भूलतज्ज्ञाच्या हातात द्या. चष्मा आणि कानाचं यंत्र ऑपरेशन संपताच परत मागा. आणि रात्री ती असंबद्ध बोलू लागली किंवा दिवसा एकाएकी गप्प झाली, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा, सोडियम तपासायला सांगा, लघवी झाली का ते विचारा.